तोर्कुलचा सूर आणि इव्हँडरची पाटी

तोर्कुलचं नाव मीच सुचवलं, हे आधी कबूल करून टाकते. नंतर गावभर कळलंच, पण त्या सोमवारी मी साळसूदपणे बटाटे सोलत बसले होते.

हा पोरगा माझ्याकडे दोन वर्षं राहतोय. मूळचा स्काल्पे बेटावरचा, वय एकोणीस. स्टॉर्नोवेच्या कॉलेजात बोटींची इंजिनं शिकतो. नखांतलं ग्रीस कधी निघत नाही, मोबाइलची काच फुटलेली, आणि एका बैठकीला सहा बटाटे खातो. पण ताटावर मान खाली घालून प्रार्थना केल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही त्याचे मित्र काटे हातात धरून ताटकळतात म्हणे. पोरगा गुणी आहे हो, मला आपला वाटतो. फक्त एक खोड. गायला लागला की पहिलाच सूर इतका वर लावतो की पुढे शिडी लावावी लागेल.

तर सोमवारी चहाच्या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे कारभारी विली जॉन आले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि म्हणाले, "तोर्कुल, या रविवारी गेलिक भाषेतल्या उपासनेत स्तोत्राची ओळ तू टाकायचीस."

तोर्कुलच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं. "मी? अहो, शेजारच्या गावचे येतात ना?"

"ते पोरीच्या लग्नाला चाललेत. तुझ्याखेरीज कुणाला चाली पाठ आहेत?"

आमच्या देवळात पेटी नाही, ऑर्गन नाही, काही नाही. एक जण पुढे बसून ओळ टाकतो आणि सगळी मंडळी ती उचलते, जो तो आपल्या गळ्याने, आपल्या वळणाने. टाकणाऱ्याने वर लावलं तर सगळे लटकले. तीस वर्षं ती ओळ माझा भाऊ इव्हँडर टाकत होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून तो आईच्या शाळेतल्या जुन्या पाटीवर लिहून बोलतो. मोबाइल घे म्हटलं तर पाटीवर 'हट' असं लिहून दाखवतो.

आणि तेव्हापासून तो देवळात आला नाही. तीन महिने मी बाकावर एकटीच बसते. शेजारची जागा रिकामी, कुणी तिथे बसतही नाही. विचारलं तर पाटीवर लिहिलं, 'सगळे गाणार आणि मी खांबासारखा बसणार. नाही जमत.' मी भांडले, रडले, दोन दिवस त्याला सूपही पाठवलं नाही. काही उपयोग नाही. मग मला वाटलं, याच्या जागी कुणी चुकीचं गायला लागलं तर हा घरात बसू शकणार नाही. म्हणून तोर्कुलचं नाव. वाईट आहे मी, पण असो.

त्याच संध्याकाळी तोर्कुल शेजारी इव्हँडरच्या दारात गेला. "काका, मला शिकवा."

पाटीवर आलं, 'आवाज नाही. काय शिकवू, डोंबल?' आणि दार बंद.

मंगळवारी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हा गुणगुणत होता. मास्तर म्हणाले, "कोणतं तरी इंजिन कुरकुरतंय, बंद करा रे सगळी." सगळी बंद केली. कुरकुर चालूच. त्याचा मित्र रोरी मला सांगताना हसून हसून खुर्चीवरून पडायला आला. रोरी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा, पण तोर्कुलशिवाय त्याचं पान हलत नाही.

बुधवारी मात्र गंमत झाली. ऑपरेशननंतर इव्हँडरच्या मेंढ्यांना खाद्य घालायचं काम तोर्कुलच करतो. त्या संध्याकाळी तो गोठ्यामागे उभा राहून स्तोत्र म्हणू लागला. पहिली ओळ वर. दुसरी त्याहून वर. तिसरी ओळ त्या चालीत मुळातच चढते, तिथे त्याचा आवाज चिरकला आणि मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. तेवढ्यात खिडकी उघडली आणि एक बूट सणसणत येऊन बादलीवर आदळला. पाठोपाठ एकाच पायात बूट घातलेला इव्हँडर स्वतः बाहेर आला. लाल झाला होता नुसता. त्याने पंजा हवेत उभा धरला आणि जोरात खाली आणला. खाली! तोर्कुलने पुन्हा लावलं. आणखी खाली! पुन्हा. मग पंजा छातीपाशी आडवा थांबला, आणि तिथून तो हळूहळू चढवत, वळवत, सगळी चाल हातानेच गायला. मी कपडे वाळत घालायचं सोडून कुंपणापाशी उभी राहिले. माझा पूर्वीचा भाऊ तीन महिन्यांनी दिसत होता मला.

गुरुवारीही शिकवणी झाली. शुक्रवारी तोर्कुल मित्रांबरोबर गावातल्या बारमध्ये गेला. तिथे तो आलं घातलेलं गोड पाणी पितो आणि डार्ट्समध्ये सगळ्यांना हरवतो. केटी मेरी, त्यांच्यातली गाणारी पोरगी, म्हणाली, "ए पाळकबुवा, रविवारी आम्ही येतो तुला ऐकायला."

"नको! तुम्ही हसाल."

"हसू. पण येऊ."

"मला आजोबांचा टाय शोधावा लागेल," रोरी म्हणाला.

शनिवार आमचा धावपळीचा. रविवारी कुणी काम करायचं नाही, म्हणून बटाटे सोलून ठेवायचे, सूप करून ठेवायचं, दोरीवरचे कपडे संध्याकाळच्या आत काढायचे. तोर्कुलने कोळसा आणला, बुटांना पॉलिश केलं, आणि इव्हँडरकडे शेवटची तालीम झाली. तिसरी ओळ स्वच्छ निघाली. 'बरं आहे,' पाटीवर आलं. इव्हँडरकडून 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्याचं सुवर्णपदक.

"मग उद्या येताय ना, काका?"

इव्हँडरने खडू खिशात टाकला. पाटी पुसून टाकली. तोर्कुल घरी आला तो जेमतेम जेवून झोपायला निघाला. दोन बटाटे खाल्ले फक्त. पोराला उगीच बळी दिला असं वाटलं.

रविवारी देवळात चाळीसेक माणसं. मागच्या बाकावर रोरी आजोबांच्या टायमध्ये आणि केटी मेरी कुणाची तरी टोपी घालून. माझ्या शेजारची जागा रिकामीच. तोर्कुल उठून पुढे, उपदेश करणाऱ्या पाळकांच्या व्यासपीठाखालच्या कठड्यात जाऊन बसला. कान लाल. त्याने ओळ टाकली.

वर. देवा रे, किती वर!

आम्ही उचलली, करणार काय. दुसऱ्या ओळीला बायका एकेक करून गप्प झाल्या. विली जॉन उकडलेल्या शेवंडासारखे तांबडे झाले. तिसरी ओळ आली आणि तोर्कुलचा आवाज मध्येच फाटला. तो थांबला. सगळेच थांबले. मी मांडीवरचे हातमोजे पिळत होते.

आणि मागे, कोट टांगतात त्या ओसरीतून, बूट वाजले. मी ते बूट ओळखते.

इव्हँडर काळ्या सुटात होता. म्हणजे उपासना सुरू झाल्यापासून तो तिथे कोटांमध्ये उभा होता, माझा वेडा भाऊ! तो मधल्या वाटेने, कुणाकडेही न बघता, थेट पुढे गेला, कठड्यात शिरला आणि तोर्कुलच्या शेजारी टेकला. पंजा आडवा धरला आणि खाली आणला. छातीपाशी.

तोर्कुलने डोळे पुसले आणि खालून लावलं.

मग काय सांगू! चाळीस माणसं, पण देऊळ भरून गेलं. इव्हँडरचा हात चढत होता, वळत होता, आणि तिसऱ्या ओळीला त्याचं तोंडही उघडलं. आवाज नव्हताच. पण तो गात होता. मला पुढचे शब्द दिसेनात, मी नुसतीच काहीतरी म्हणत राहिले.

जेवायला सगळे माझ्याकडे. विली जॉन, रोरी आणि केटी मेरीसुद्धा. तोर्कुल काट्याला हात लावेना. "काका, कसं झालं? सांगा ना."

इव्हँडरने फडताळावरच्या पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. रविवारी तो लिहीत नाही. लिहिणं म्हणजे काम.

"अरे, एवढ्याला चालतं," विली जॉन म्हणाले.

मान पुन्हा हलली. तिसरा बटाटा घेतला त्याने.

"काका, मी रात्रभर तळमळेन हो!"

चौथा बटाटा. केटी मेरी टोपीत तोंड लपवून हसत होती.

सोमवारी सकाळी तोर्कुल कॉलेजची बस पकडायला निघाला तर पायरीवर पाटी, वर दगड ठेवलेला. 'पहिला सूर अजून थोडा खाली. तिसरी ओळ माझ्यापेक्षा चांगली. पुढच्या रविवारी साडेअकराला मला हाक मार, बरोबर जाऊ.' पोरगा पायरीवरच बसला. बस गेली, त्याला पत्ताच नाही.

मग त्याने पाटी उलटली आणि माझ्यापुढे धरली. "मावशी, ही बाजू तुमची."

'दोलिना,' तिथे लिहिलं होतं, 'काल तू बेसूर होतीस.'

ती पाटी मी इव्हँडरला अजून परत दिलेली नाही. नवी घे म्हटलं.