ॲलर्जी नसलेलं पित्त

‘तुम्हाला कशाचीही ॲलर्जी नाही,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला.

सात महिने मी मासे खाल्ले नव्हते. अंडं, वांगं, शेंगदाणे, तूरडाळ, टोमॅटो, दही, सगळं एकेक करून बंद झालं होतं. आठ किलो वजन उतरलं होतं. मूळचा मालवणकडचा माणूस सात महिने मुगाचं वरण आणि दुधी खाऊन राहतो, आणि मग पालिकेच्या रुग्णालयातल्या स्किन ओपीडीत त्याला सांगितलं जातं की यातलं काहीच सोडायची गरज नव्हती. शेजारी माझी बायको स्वाती बसली होती. मी काहीतरी तोडून बोलणार हे तिला कळलं असावं. तिने टेबलाखालून माझा हात दाबला.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव एका कागदावर लिहून माझ्याकडे सरकवलं. क्रॉनिक स्पॉन्टेनिअस अर्टिकेरिया. अर्टिकेरिया म्हणजे आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो ते, लाल, फुगीर, खाजणाऱ्या गांधी. क्रॉनिक म्हणजे सहा आठवड्यांहून जास्त चाललेला. आणि स्पॉन्टेनिअस म्हणजे बाहेरचं काही ठरावीक कारण नसताना आपलं आपण उठणारा. त्या म्हणाल्या, कातडीत काही पेशी असतात, त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन साठवलेलं असतं. काही जणांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून याच पेशींना चिथावते. मग हिस्टामिन बाहेर पडतं आणि गांध उठते. पोटातल्या पित्ताचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तुमच्या ताटाचाही बहुतेक नाही.

ज्यांच्या अंगावर असंच महिनोन्‌महिने उठतंय त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. मी मेकअपमन आहे. जोगेश्वरी पूर्वेला राहतो, अंधेरी आणि गोरेगावच्या स्टुडिओंत मालिकांसाठी काम करतो. बावीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावणं हेच माझं काम, त्यामुळे हा आजार मला जरा जास्तच झोंबला.

सुरुवात अगदी साधी होती. एका सकाळी घड्याळाच्या पट्ट्याखाली दोन गांधी दिसल्या. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. दुपारी त्या गेल्या आणि कमरेवर, पँटच्या इलॅस्टिकच्या रेषेत, पाच-सहा उठल्या. दुसऱ्या दिवशी मांड्यांवर. आठवड्याभरात रोजचंच झालं. एका जागची गांध काही तासांत विरायची, डागसुद्धा ठेवायची नाही, आणि दुसरीकडे नवी उठायची. त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी गेलो की दाखवायला अंगावर काहीच नसायचं. पेशंट म्हणतोय खाज येते आणि कातडी स्वच्छ. मला खोटारड्यासारखं वाटायचं. फोटो काढून ठेवावेत एवढं साधं मला तीन महिने सुचलं नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून काढा.

आईने पहिल्याच नजरेत निदान केलं. ‘माका म्हायत आसा, ह्या पित्तच आसा,’ म्हणाली आणि आमसुलं भिजत घातली. आमसुलाचं पाणी लावलं की गार वाटायचं, खाज अर्धा तास थांबायची. त्याने बिघडलं काही नाही. बिघडलं ते पुढे. आधी आईने सुंगटं बंद केली, म्हणजे कोळंबी. मग बांगडा. मग सगळेच मासे. मी खात नाही म्हणून ती स्वतःही खाईना. सत्तरीची बाई, बाबांच्या गिरणीच्या पगारातही शुक्रवारी घरात मासे यायचे असं अभिमानाने सांगणारी, तीसुद्धा माझ्यासोबत दुधी खाऊ लागली. बाकीची यादी शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि मोबाइलने वाढवली. कोणी म्हणालं वांगं वाईट, कोणी म्हणालं आंबट सोड. एका खासगी लॅबमध्ये मी भलीमोठी ॲलर्जी टेस्ट करून घेतली. त्यात निम्म्या पदार्थांपुढे सौम्य पॉझिटिव्ह आलं. तेही बंद केले. गांधींना त्याचं काहीच नव्हतं. उठायच्या तेवढ्या उठतच होत्या.

औषधं घेत नव्हतो असं नाही. अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनचा परिणाम अडवणारी गोळी, पाच दिवस घेतली की बरं वाटायचं. बंद केली की दोन दिवसांत परत. मी ठरवलं की गोळी लागू पडत नाही. मध्ये एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचा कोर्स दिला. दहा दिवस अंगावर एकही गांध नाही. मी घरी सांगून टाकलं, सुटलो. कोर्स संपल्यावर चौथ्या दिवशी पाठ, पोट, तळवे, सगळीकडे एकदम उठलं. तेव्हा मी पहिल्यांदा खचलो.

कामावर सगळ्यांचा एकच तर्क. फाउंडेशन, पावडर, दाढी चिकटवायचा गम, ही सगळी केमिकल्स, बावीस वर्षांनी अंगावर येणारच. मलाही ते पटलं. मी हातमोजे घालून पाहिले, पण हातमोज्यांनी भुवई नीट होत नाही. आरशाच्या दिव्यांच्या उष्णतेत हाताला खाज सुटायची आणि मी ब्रश खाली ठेवून कोपर टेबलाच्या कडेला घासायचो. समोरच्या माणसाला ते आरशात दिसायचं.

कुंदाताई नावाच्या ज्येष्ठ अभिनेत्री आहेत, मालिकेत सासूची भूमिका करतात. अकरा वर्षं त्यांचा मेकअप मीच करत होतो. एका सोमवारी मी पेटी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तर तिथे दुसरी मुलगी त्यांच्या चेहऱ्याला बेस लावत होती. प्रॉडक्शनच्या माणसाने मला बाहेर नेलं आणि म्हणाला, काही दिवस तू ज्युनिअर लोकांचं बघ ना. कारण त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन स्वातीला म्हणालो की हे काम सोडतो, तुझ्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. ती म्हणाली, आधी कशाने होतंय ते कळू दे, मग सोड.

ते कळायला एक वाईट दुपार यावी लागली. सेटवर जेवणाच्या सुट्टीत माझा वरचा ओठ जड वाटू लागला. दहा मिनिटांत तो सुजून नाकाला टेकेल असा झाला, एक डोळा मिटला. याला अँजिओइडिमा म्हणतात, म्हणजे कातडीच्या खालच्या थरात आलेली सूज. मला रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेलं. श्वास अडकत नव्हता, जीभ सुजली नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन चार तास नजरेखाली ठेवलं. कोणाची जीभ किंवा घसा सुजला, श्वासाला त्रास झाला, चक्कर आली तर एक मिनिटही घरी थांबू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. मी तुम्हाला सांगतोय. निघताना त्यांनी स्किन ओपीडीची चिठ्ठी लिहून दिली.

अशा रीतीने मी त्या टेबलासमोर पोचलो होतो.

बाहेर दोन तास बाकावर बसलो होतो. आत डॉक्टरबाईंनी मला वीस मिनिटं दिली, बाहेर एवढी रांग असताना. गांध किती वेळ टिकते, दुखते की खाजते, घरात कोणाला थायरॉइड आहे का, सगळं विचारलं. ॲलर्जी टेस्टचा कागद बघून म्हणाल्या, कागदावर पॉझिटिव्ह असणं वेगळं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं वेगळं. मासे सोडून तुमच्या गांधी एक दिवस तरी कमी झाल्या का? नव्हत्या झाल्या. सुट्टीत पंधरा दिवस मेकअपला हात लावला नाही तेव्हा? तेव्हाही नव्हत्या.

मग त्यांनी विचारलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत? मी म्हणालो, काहीच नाही.

स्वाती म्हणाली, ‘आणि कमरेची?’

‘ती काय औषध आहे?’ मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘कुठली गोळी? किती दिवस घेताय?’

दिवसभर उभं राहून माझी कंबर धरते. गेलं वर्षभर मी मेडिकलवाल्याकडून एक पेनकिलर घ्यायचो, सकाळी एक, कधी दुपारी एक. चार डॉक्टर झाले, कोणालाच मी ते सांगितलं नव्हतं. चहा पितो हे जसं कोणी डॉक्टरला सांगत नाही, तसं. ओठ सुजला त्या दुपारी मी दोन घेतल्या होत्या.

त्यांनी सांगितलं की या जातीच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या काही रुग्णांत हा आजार भडकवतात. मूळ कारण ती गोळी नसेल, पण तुम्ही आगीत रोज तेल ओतत होतात. ती आजपासून बंद. कमरेसाठी त्यांनी दुसरी, चालणारी गोळी लिहून दिली आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच सांगितल्या. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. थायरॉइडची पातळी ठीक होती, पण थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे शरीराने आपल्याच ग्रंथीविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, वाढलेली होती. शरीर स्वतःशीच भांडतंय याची ती खूण, बाई म्हणाल्या. त्यावर लगेच उपचार नको, दर सहा महिन्यांनी तपासत राहू.

उपचार ऐकून मी जरा नाराज झालो. तीच अँटिहिस्टामिन गोळी, झोप न आणणाऱ्या प्रकारातली. फरक एवढाच की खाज असो वा नसो, रोज घ्यायची. पाच दिवस घेऊन सोडायची नाही. हळूहळू त्यांनी ती दिवसाला चारपर्यंत नेली. हे त्यांच्या देखरेखीखाली होतं, स्वतःच्या मनाने कोणी करू नये. स्वातीने एका जुन्या डायरीत रोजच्या गांधी आणि खाज यांना गुण द्यायला सुरुवात केली, शून्य ते तीन. पहिले दोन आठवडे आकडे हललेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तर सगळ्यात वाईट गेला. मी म्हणालो, हीपण वाया. स्वातीने पानं मागे उलटून दाखवली. आधी रोज खाज तीन होती, त्या आठवड्यात चार दिवस दोन होती. मी एकटा असतो तर मला तो फरक कळला नसता.

ओपीडीच्या बाकावर घाटकोपरहून येणारी एक शिक्षिका भेटायची. तिला चार गोळ्यांनीही फरक पडला नव्हता, म्हणून महिन्यातून एकदा इंजेक्शन चालू केलं होतं. दुसऱ्याच महिन्यात तिचं अंग शांत झालं. तिने मला सांगितलं की अजून पायऱ्या आहेत, घाबरू नका. मला त्या पायरीवर जावं लागलं नाही, पण ती आहे हे माहीत असण्याचाच आधार होता.

सहाव्या आठवड्यात पहिलं शून्य आलं. डॉक्टरबाईंची परवानगी पहिल्या दिवसापासून होती, पण धीर झाला तो त्याच रविवारी, आणि बांगडा आणला. आई माझ्या ताटासमोर बसून राहिली, स्वतःचं वाढून घेईना. संध्याकाळपर्यंत काही उठलं नाही तेव्हा तिने गार झालेला तुकडा घेतला आणि एकटी स्वयंपाकघरात बसून खाल्ला. सात महिन्यांचा दोष तिने स्वतःच्या हातच्या जेवणाला दिला होता, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरबाईंनी कामासाठी पत्र दिलं होतं, हा आजार संसर्गजन्य नाही असं. ते मी प्रॉडक्शनला दाखवलं. मग कुंदाताईंच्या खोलीचं दार वाजवलं. पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

‘माझ्या चेहऱ्यावर माझं पोट आहे, विलास,’ त्या म्हणाल्या. ‘मी घाबरले. आणि तुला विचारायची लाज वाटली.’

मी म्हणालो, मलाही सांगायची लाजच वाटली. त्या खुर्चीत बसल्या. बेस लावता लावता माझ्या मनगटावर दोन गांधी वर आल्या, उरल्यासुरल्या. त्यांनी आरशात पाहिल्या.

‘दुखतं का?’

‘खाजतं.’

‘मग खाजव की. मी थांबते.’

त्या खरंच थांबल्या, डोळे मिटून.

या आजाराने मला काही शहाणपण दिलं असं मी म्हणणार नाही. पण मी आता कोणाच्या अंगावरचं काही बघून तर्क करत नाही, विचारतो. डॉक्टरांसमोर सगळं सांगतो, गोळी, चूर्ण, काढा, काहीही. उष्णता आणि घट्ट कपडे टाळतो. डॉक्टरबाईंचे, त्या शिक्षिकेचे, डायरी लिहिणाऱ्या स्वातीचे आभार मानतो. हा आजार बहुतेकांत काही वर्षांत आपोआप शांत होतो, कोणाला लवकर, कोणाला उशिरा. तोवर त्याला आवरता येतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा ओपीडीत गेलो. शेवटची गांध कधी उठली, डॉक्टरबाईंनी विचारलं. मी स्वातीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. डायरी तिने केव्हातरी लिहायची थांबवली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मार्च असेल, मी म्हणालो. नाही, त्याच्या आधी, ती म्हणाली. आमचं ठरेना. डॉक्टरबाई हसल्या, एक गोळी कमी केली आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं.