मामींच्या डोक्यावरचा एसी

माझ्या मामांनी उभं आयुष्य लांब पल्ल्याच्या बस चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर जवळजवळ बसएवढंच एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. आई म्हणाली, "माझ्या भावाला हातात स्टिअरिंग नसलं की अन्न गोड लागत नाही." खरं कारण वेगळं होतं. मामींना नसांचा आजार होता. पाय आधीच गेले होते, हातही ऐकेनासे होत चालले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, की यांना उकाडा अजिबात सोसायचा नाही. अंग तापलं, की उरलीसुरली ताकदही जाईल. मामींना मात्र समुद्र बघायचा होता. म्हणून मामांनी हुडकून हुडकून असं चाकांवरचं घर आणलं, ज्यात पलंग खिडकीला लागून होता आणि पलंगाच्या बरोब्बर वर, छतावर, एसी होता.

सुरुवातीचे महिने फार सुखाचे गेले. मामी फोनवर सांगायच्या, "लोक देखाव्याकडे जातात, माझ्याकडे देखावाच येतो. तोही गार हवेत!"

मग एका तळ्याकाठी मुक्काम असताना दुपारी जोराची सर आली. मामा चहा टाकत होते. मामी म्हणाल्या, "अहो, माझ्या कपाळावर काहीतरी पडलं."

"काय पडलं?"

"पाणी असावं. पुसता का जरा?"

मामा टॉवेल घेऊन येईपर्यंत थेंब ओघळून कानात गेला होता. तो पुसायला मामींचा हात उठला नव्हता. हे एवढंच मामांच्या मनाला लागलं.

पाऊस थांबताच ते गुडघे सांभाळत शिडीने वर चढले. एसी जिथे छतावर टेकतो, तिथे बारीक फट दिसली. त्यांनी बाजारातून फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि चारी बाजूंनी थापून टाकलं. खाली येऊन म्हणाले, "आता मुंगीसुद्धा आत शिरायची नाही."

दोनेक दिवसांनी लख्ख ऊन पडलं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि पलंगावर पुन्हा टपटप सुरू झाली. मामा चक्रावलेच. खिडकीतून आभाळाकडे बघत मामी म्हणाल्या, "वरच्याचं कोठार फुटलं वाटतं."

मामांनी गाडी वर्कशॉपला नेली. कारागिराने छत बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, एसीचं स्वतःचंही पाणी असतं. ते खालच्या फटीतून छतावर वाहून जातं. तुम्ही ती वाटच बुजवलीत. आता ते आत नाही येणार तर कुठे जाणार?"

"मग फट नुसती उघडी ठेवायची?"

"बाहेरून काही लावायचंच नाही. पाणी अडवायचं काम मधल्या गॅस्केटचं." त्याने एसी उचलून खालची रबरी फोमची चौकट दाखवली. ती दबून दबून पापडासारखी झाली होती. "दर हंगामाला आतून हे बोल्ट बघायचे. सैल असले तर थोडे आवळायचे, फार नाही. गॅस्केट चपटलं की नवं घालायचं. बस, एवढंच असतं."

"मग घाल की नवं."

कारागिराने छतातल्या भोकाच्या कडेला बोट लावलं आणि लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. आधीच्या मालकाच्या काळापासूनच ते कुजत आलं होतं. वरून रंग मारलेला. सगळं छत उघडायला हवं होतं. बरेच आठवडे लागणार होते, आणि हेच घर असताना तेवढ्या दिवसांत मामींना घेऊन राहायचं कुठे? मामा म्हणाले, "सध्या गॅस्केट बदल. उन्हाळा निघू दे."

"बदलतो. पण छतच दबतंय, तर बोल्ट आवळून काय होणार?"

तसंच झालं. उकाडा वाढला. एसी चालू ठेवला, की त्याच्या थरथरीने छत आणखी बसायचं, खळग्यात त्याचंच पाणी साचायचं आणि गळायचं. बंद ठेवला, की मामींची मान कलंडायची, जीभ जड व्हायची. इकडे आड, तिकडे विहीर. पलंग जमिनीला ठोकलेला, तो हलवताही येईना.

आई आणि मी भेटायला गेलो, तेव्हा मामा पलंगाशेजारी स्टुलावर बसून मामींच्या चेहऱ्यावर स्वयंपाकाचं पातेलं धरून होते. आईने पातेलं घ्यायला हात पुढे केला, तर देईनात.

"गाडीभर माणसं घाटातून सुखरूप उतरवली मी," ते म्हणाले, "आणि हिच्या अंगावरचा एक थेंब अडवता येत नाही."

मामी पातेल्याखालून म्हणाल्या, "अहो, जरा बाजूला घ्या. मला माझी नणंद दिसत नाहीये."

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी पाना घेतला आणि पुन्हा बोल्ट आवळायला लागले. गरजेपेक्षा जास्त. एसीला आतून धरणारी चौकट कडकन तडकली. मग ते नुसतेच उभे राहिले, पाना हातात धरून.

पुढे भिंतीच्या ओलीवर बुरशी धरली. मामींना खोकला लागला, छातीत कफ भरला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून त्या आमच्या घरी आल्या, खालच्या खोलीत. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते.

मामांनी मग छत उघडून नवं करून घेतलं. लाकूड नवं, गॅस्केट नवं. धोधो पावसात आत बसून पाहिलं. आत ठणठणीत कोरडं. बैल गेला आणि झोपा केला, असं तेच म्हणाले. कारण डॉक्टरांनी मामींचा प्रवास कायमचा बंद केला होता.

परवा मोटरहोम विकत घ्यायचं म्हणून बघायला एक जोडपं आलं होतं. मामांनी त्यांना गल्लीतच तासभर उभं करून बोल्ट कसे तपासायचे, बाहेरून सिलिकॉन का थापायचं नाही, ते समजावलं. त्यातली बायको कंटाळून आपल्या गाडीत जाऊन बसली, तरी मामांचं चालूच.

मामा आत आल्यावर मामींनी विचारलं, "काय म्हणत होते?"

"गळतं का, विचारत होते."

"मग?"

"म्हटलं, नाही गळत."

"खरंच आहे ते," मामी म्हणाल्या, आणि मामा त्यांची उशी नीट करू लागले.