दोन शिक्क्यांच्या मधली खाडी

पन्नास वर्षं उलटली, तरी ती सायकल आमच्या ठाण्याच्या कोणत्या भिंतीला टेकवली होती ते मला आजही सांगता येईल. पूर्वेच्या, वायरलेसच्या खोलीच्या खिडकीखाली. हँडलला पत्र्याची पाटी बांधलेली होती. तिच्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं: ‘येवला ते वेंगुर्ले आणि परत. कोकण किनारा सायकल प्रवास.’

सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाचे दिवस. मी नगर–मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. खडीच्या कामांवरचा बंदोबस्त आणि टँकरपुढची भांडणं यांतच आमचे दिवस जात. त्या काळी लांबच्या सायकल प्रवासाला निघालेली तरुण मंडळी अधूनमधून ठाण्यात येत. त्यांच्याजवळ एक जाड वही असे. ‘सदर इसम आज रोजी सायकलवरून येथे आला’ अशी नोंद त्या वहीत करायची, खाली सही करायची आणि ठाण्याचा शिक्का मारायचा, अशी पद्धत होती. प्रवास झाल्याचा तेवढाच पुरावा. गावोगावचे लोक ती वही पाहून जेवू घालत आणि शाळेच्या वर्गात झोपायला जागा देत.

एका दुपारी शेजारच्या गावचे सरपंच असाच एक प्रवासी घेऊन आले. बाविशीचा, काटक, गळ्यात झेंडूचा हार.

“साहेब, पाव्हनं दर्याच्या कडंनं सायकल मारीत आल्यात. उद्या सांजच्याला शाळेत सत्कार ठिवलाय. तुमचा शिक्का पायजे.”

मी वही चाळली. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे शिक्के होते. माझं गाव पारनेर तालुक्यातलं, तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. मी कौतुकाने सही केली, शिक्का मारला आणि चहा पाजला. पाहुणा कमी बोलला. थकला असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास ठाण्यासमोर ट्रक थांबला. ड्रायव्हरने एकाला उतरवलं आणि ठाणे अंमलदाराला सांगितलं, “ह्याची सायकल चोरीला गेलीय. पाटीवाली. राहुरीच्या पुढं मी पाह्यली व्हती, म्हनून ह्याला हिकडं आनला.”

उतरलेल्या माणसाचे पाय धुळीने भरले होते. शर्टाची बाही फाटलेली होती. त्याने तक्रार सांगितली ती अशी: तो येवल्याकडचा. किनाऱ्याचा प्रवास करून परत येताना नगरजवळच्या केडगावला धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी विहिरीवर आंघोळीला गेला, परत आला तर सायकल, पिशवी आणि वही गायब. दोन दिवस आसपास शोधलं. मग रस्त्याने येईल त्याला विचारत निघाला.

त्याने जे नाव सांगितलं, तेच नाव आदल्या दिवशी मी वहीत लिहिलं होतं.

पुढच्या हकिकतीत सरपंचांनी आणलेल्याला मी पाहुणा म्हणतो आणि ट्रकमधून उतरलेल्याला तक्रारदार.

मी पाहुण्याला सायकलसह बोलावून घेतलं. त्याच्याबरोबर सरपंच आले आणि निम्मं गावही आलं. दोघांना समोरासमोर उभं केलं तेव्हा तक्रारदार ओरडला, “हा माझा शर्ट घालून उभा आहे!”

पाहुणा शांत होता. “साहेब, ह्ये कोन? मी वळखत न्हाई.”

आता पुराव्याकडे वळलो. वहीत प्रवाशाचं स्वतःचं एक अक्षरही नव्हतं, सगळं इतरांनी लिहिलेलं. फोटो नव्हता. सायकलची पावती पिशवीत होती आणि पिशवी पाहुण्याकडे. फ्रेमचा नंबर दोघांनाही पाठ नव्हता. बहुतेकांना तो नसतोच. येवल्याला वायरलेस संदेश पाठवला, पण तक्रारदाराचं गाव तिथून आत होतं. उत्तर दुसऱ्या दिवसाआधी येणं शक्य नव्हतं.

सरपंच तापले होते. “गावाच्या पाव्हन्याला चोर म्हनतोय ह्यो! साहेब, पाच वाजता मंडपात मान्सं बसनार हायेत. मी त्यांस्नी काय सांगू?”

कपड्यांवरून माणसाची पारख करू नये, असं प्रशिक्षणात शिकवतात. मी तीच चूक केली. एकाच्या गळ्यात हार होता, हातात कागद होते आणि त्या कागदांत माझी स्वतःची सही होती. दुसऱ्याजवळ काहीच नव्हतं. मी तक्रारदाराला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “खोटी खबर दिलीस तर कलम १८२ खाली आत जाशील.”

तो म्हणाला, “साहेब, सोमवारी हायस्कुलात माझी मुलाखत आहे. व्यायामशिक्षकाची जागा. चेअरमन म्हणालेत, वही घेऊन ये. वही नसली तर मी नुसता महिनाभर घरातून पळालेला पोरगा ठरतो. आणि तुम्ही मला आत टाकलंत तर पुढं कुठलीच शाळा मला दारात उभं करणार नाही.”

हे तो रडून बोलला नाही, रागाने बोलला. त्याची मी मनाशी नोंद घेतली, पण राग हा पुरावा नव्हे.

आमच्या ठाण्यात गुहागरकडचा एक हवालदार होता. बदलीने आलेला, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. तो इतका वेळ वही चाळत बसला होता. तो माझ्या कानाशी आला. “साहेब, दोघांना वेगळं बसवा. मला एकच प्रश्न विचारायचाय.”

पाहुण्याला आधी माझ्या खोलीत घेतलं. हवालदाराने वहीची दोन पानं समोर ठेवली. एकावर दाभोळचा शिक्का होता, पुढच्यावर दुसऱ्या दिवशीचा गुहागरचा.

“दाभोळहून गुहागरला कसे गेलात?”

“सायकलवर.”

“रस्ता कसा आहे?”

“सरळ हाय. दर्याच्या कडंकडंनं. एका अंगाला पानी, एका अंगाला झाडं.”

“किती वेळ लागला?”

“दीड-दोन तास. वारा पाठीवर हुता.”

“मधे कुठं उतरावं लागलं?”

“न्हाई. येका दमात.”

हवालदाराने मान डोलावली आणि त्याला बाहेर पाठवलं. मला त्या उत्तरात काहीच खटकलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही किनाऱ्याचं असंच वर्णन केलं असतं: समुद्र, त्याला लागून सरळ रस्ता.

तक्रारदार आत आला. प्रश्न तोच.

“दाभोळहून? होडीनं.” तो लगेच म्हणाला. “मधे खाडी आहे ना. पलीकडं धोपावं गाव. आदल्या दिवशी वाऱ्यामुळं होडी सुटलीच नाही, म्हणून दाभोळला मुक्काम पडला. सकाळी नाखवा म्हणाला, सायकल उभी धर. आडवी टाकलीस तर तिच्यासंगट तुलाही पाण्यात टाकीन. पलीकडं पोचलो तर ओहोटी. होडी काठाला लागेना. सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून गेलो. चेन धुवायला गोडं पाणी मिळेना. एका म्हातारीनं कळशीभर दिलं.”

“वर चढताना?”

“चढण विचारू नका. सायकल ढकलतच नेली. असल्या खाड्या किती ओलांडल्या! निम्मा किनारा सायकलनं मला नेला, निम्मा मी तिला.”

हवालदार माझ्याकडे वळला. “साहेब, दाभोळ-गुहागरच्या मधे वाशिष्ठीची खाडी आहे. सायकलवर एका दमात जायचं, तर पाण्यावरून जावं लागेल.”

मी पाहुण्याला पुन्हा आत बोलावलं. आता प्रश्न माझा होता. दरडावलं नाही, त्याची गरज नव्हती.

“खाडी कशी ओलांडलीस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हवालदाराकडे. मग त्याने हळूच विचारलं, “खाडी म्हंजी काय, साहेब?”

पाचेक मिनिटांत सगळं बाहेर आलं. तो केडगावजवळच्या एका हॉटेलात कपबश्या विसळायचा. धर्मशाळेत चहा द्यायला गेला होता तेव्हा त्याने सायकल पाहिली.

“इकायचीच हुती, साहेब. मनमाडला जाऊन इकनार हुतो. पन पयल्याच गावात लोकांनी पाटी वाचली आन् आडवी आली. बायांनी ववाळलं. म्हातारी मान्सं पाया पडाया लागली, दर्यावरनं आलाय म्हनून. त्याच्याआदी मला कुनी बस म्हनलं नव्हतं. मंग इकवंना.”

“पण ठाण्यात यायची हिंमत कशी केलीस?”

“मी कुटं येत हुतो? सरपंच लई मागं लागले. पोलिसांचा शिक्का न्हाई म्हंजी वहीला वजन न्हाई, म्हनले. सायकलच्या कॅरेलला धरून चालत हुते माज्या मागं.”

बाहेर सरपंचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी तक्रारदाराला आपादमस्तक न्याहाळलं.

“व्हय रं, मघाशी मी तुला लई बोललो. आता असं कर, हातपाय धू आन् चल. मंडप हाय, भाषनं हायेत, लाडू हायेत. पाव्हना तेवढा बदलू.”

“तुमच्या हाराचं काय?” हवालदाराने विचारलं.

“दुसरा आनू. त्यो आता मुद्देमाल झाला आसंल.”

गुन्हा केडगावात घडलेला, म्हणजे आमच्या हद्दीबाहेरचा. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून धरता येत नव्हती, पण सायकल, पिशवी, वही आणि अंगावरचा शर्ट त्याच्याकडून पंचांसमक्ष जप्त केला. आरोपी आणि कागदपत्रं तिकडे वर्ग केली. येवल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याने तक्रारदाराच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

एक अडचण उरली. वही मुद्देमालात जमा झाली होती आणि मुलाखत सोमवारी होती. शनिवारी सकाळी मी स्वतः नगरच्या कोर्टात अर्ज दिला आणि वही सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळवली.

वही घ्यायला आला तेव्हा तक्रारदार म्हणाला, “साहेब, मधल्या गावांची पानं माझी नाहीत. फाडू का?”

“पुरावा आहे. एकही पान फाटता कामा नये.”

“मग मुलाखतीत काय सांगू?”

मी वही घेतली. माझ्या आधीच्या सहीखाली लिहिलं: ‘केडगावपासून येथपर्यंतच्या नोंदी या वहीच्या मालकाच्या नाहीत. वरील सही मी चुकीच्या इसमास दिली. वहीचा खरा मालक आज रोजी माझ्यासमोर हजर आहे.’ खाली सही केली आणि शिक्का मारला. चूक वरिष्ठांना तोंडी सांगणं वेगळं आणि ती शिक्क्यानिशी कुणाच्या हाती देणं वेगळं.

महिनाभराने त्याचं पोस्टकार्ड आलं. जागा मिळाली होती. वेंगुर्ल्याचा शिक्का कुणी नीट पाहिलासुद्धा नाही, चेअरमन सगळ्यात जास्त वेळ मी लिहिलेल्या पानावर थांबले, असं त्याने लिहिलं होतं.

त्या प्रकरणाने माझी तपासाची रीत बदलली. कागद कुठे पोचला, एवढंच सही-शिक्का दाखवतो. तो आणणारा माणूस कसा पोचला हे त्यावरून कळत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत समोर कितीही चोख कागद आला, तरी मी दोन नोंदी निवडायचो आणि मधल्या वाटेबद्दल विचारायचो. खोटं बोलणाऱ्याची वाट बहुधा सरळ निघायची. खऱ्या माणसाच्या वाटेत कुठे वारा असायचा, कुठे चिखल आणि कुठेतरी कळशीभर पाणी देणारी एखादी म्हातारी.

निवृत्तीनंतर मी दाभोळला गेलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा होडी पलीकडे होती. तासभर बसून राहावं लागलं.