क्लिफर्ड ऑल्डरशॉचा स्वतंत्र हँडब्रेक

क्लिफर्ड ऑल्डरशॉचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू होतं. हे ‘मुळात’ नाकातून म्हणायचं, उजवी भुवई चढवायची आणि समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, जणू तिथे कुणीतरी बोलण्याच्या लायकीचा माणूस उभा आहे. “मुळात, बेरिल, चहाला पाणी उकळतंच लागतं.” बेरिल ही त्याची बायको. चौतीस वर्षं चहा तीच करतेय.

क्लिफर्डची हयात गेली लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात. पण हॅगथॉर्नच्या टेकडीवर, आमच्या मोटार क्लबाच्या चढाईच्या शर्यतींना आला, की हा इंजिनीयर होतो. मोहरीच्या रंगाची, बिनछपराची, दोघांपुरती स्पोर्ट्‌स कार त्याने गॅरेजमध्ये स्वतः जुळवलीय. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या गटात अकरा वर्षं ओळीने दुसरा. दुसरा येण्यात इतकं सातत्य दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

यंदा मात्र चमत्कार झाला. शेवटची शर्यत उरली आणि हा चार गुणांनी पुढे. दिवसभरात दोन फेऱ्या मिळतात. त्यातली एक जरी धडपणे वरपर्यंत गेली, तरी चषक त्याचा. जिंकायचीही गरज नव्हती. नुसतं पोचायचं. मीटर वाचणाऱ्याला जमावं असं काम.

पण टोबायस नावाच्या दाताच्या डॉक्टरने आपल्या गाडीला मागे मोठे रेसिंग ब्रेक बसवले होते. ते बघून क्लिफर्डनेही बसवले. बसवल्यावर कळलं, की त्यांना हँडब्रेकची तार जोडायला जागाच नाही. हँडब्रेक नाही तर सरकारी तपासणीत गाडी नापास, आणि गाडी नापास तर गटातून बाहेर. मग त्याने विजेवर चालणारा वेगळा पार्किंग ब्रेक मागवला: मागच्या दोन्ही चाकांना एकेक छोटा जादा कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारा चिमटा, आणि समोर एक लाल बटण.

चार रविवार हे चाललं. हा गाडीखाली, बेरिल घडीच्या खुर्चीत, मांडीवर बिस्किटांचा डबा, डब्यावर माहितीपत्रक.

“ब्रॅकेटखाली दोन वॉशर घाला, असं लिहिलंय.”

“मुळात एक पुरतो.”

एक पुरला नाही. चाक फिरवलं तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं ओरडलं. दुसरा वॉशर घालून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “मुळात दोन लागतातच.”

“हिरवी वायर पायाच्या ब्रेकच्या स्विचला जोडा.”

“जोडली.”

“याचं कारण असं, की बटण...”

“कारण मला माहीत आहे, बेरिल.”

“काय कारण?”

गाडीखाली पाना खणकन पडला. “मुळात, विजेचं असतं ते.”

बेरिलने पत्रक मिटलं आणि बिस्कीट चहात बुडवलं.

तपासणीत गाडी पास झाली. तेव्हापासून क्लबात दुसरा विषय नाही. डॉक्टरला ऐकवलं, मटण पॅटिस विकणाऱ्या बाईला ऐकवलं, कुणाच्या तरी कुत्र्यालाही ऐकवलं असेल.

आता टेकडीवरची रीत अशी. शर्यत सुटते ती चढावरच. चालवणाऱ्याचा एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर; ब्रेकला पाय उरत नाही. म्हणून मागच्या चाकाला लांब दांड्याचा लाकडी ठोकळा लावतात आणि गाडी सुटली की ओढून घेतात. तेवीस वर्षं हा ठोकळा ग्लेनिस पिकरिंगच्या हातात आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. तिला सगळे ‘बाळ’च.

पहिल्या फेरीला ती ठोकळा घेऊन वाकली, तर क्लिफर्डने हातमोजा उंचावला. “मुळात, ग्लेनिस, ते लाकूड आता संग्रहालयात दे.”

“नक्की ना बाळा?”

“विज्ञान आहे हे.”

हिरवा दिवा लागला. क्लिफर्डने बटण दाबलं. इंजिन गरजलं, क्लच सुटला, गाडीने मागच्या मागे बैठक मारली आणि बंद पडली. पुन्हा बटण. पुन्हा. लिफ्ट येत नाही म्हणून माणूस दाबतो तसं. फेरी बाद.

तंबूमागे बेरिलने डब्यावरचं पत्रक उघडून वाचून दाखवलं, या वेळी शेवटपर्यंत. “‘याचं कारण असं, की बटण दाबताना पायाचा ब्रेकही दाबलेला असेल, तरच पार्किंग ब्रेक सुटेल.’ मुलांच्या हाताने चुकून सुटू नये म्हणून केलंय म्हणे. शहाणी माणसं.”

“मुळात हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.”

“पान दोनवर आहे, क्लिफ. तू मला दीड पानावर गप्प केलंस.”

एरवी बटण दाबताना पाय ब्रेकवरच असायचा, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. आता हिशेब सरळ होता. ब्रेक सोडायला उजवा पाय ब्रेकवर हवा, आणि तो पाय तिथून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे घरंगळणार. उपाय जगात एकच, तो ग्लेनिसच्या हातात, आणि फेरीही एकच उरलेली.

दुसऱ्या फेरीला गाडी रेषेवर आली. ग्लेनिस दांडा टेकून उभी, गुराख्यासारखी. जागची हलली नाही. क्लिफर्ड समोर बघत पुटपुटला, “लावायचा तर लाव.”

“मला काय लावायचंय बाळा? तुला हवाय का?”

मागे सहा गाड्या खोळंबलेल्या. “ठेव.”

“ऐकू येत नाही रे. हेल्मेट आहे ना तुझं.”

“ठोकळा ठेव, ग्लेनिस! प्लीज!”

हे खालच्या गाडीतळापर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरने तर टोपी काढली. ग्लेनिसने चाकामागे ठोकळा सरकवला, शाळेत डाळ वाढावी तितक्या मायेने. क्लिफर्डने पाय ब्रेकवर दाबून बटण दाबलं. गाडी ठोकळ्यावर टेकली. हिरवा दिवा लागला आणि क्लिफर्ड सुटला. गटातली सर्वांत संथ फेरी. पण पोचला.

चषक मिळाला. साहेबांनी भाषण केलं, सगळं त्या ब्रेकवर: दोन वॉशर, हिरवी वायर, त्यामागचं विज्ञान. कुणीतरी विचारलं, “आणि ठोकळा?”

क्लिफर्डने भुवई चढवली. “मुळात, तो मी लावू दिला. तेवीस वर्षं करतेय बिचारी. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.”

ग्लेनिस कोपऱ्यात मटण पॅटिस खात होती. तोंडातला घास तिने सावकाश संपवला.

“हो बाळा,” ती म्हणाली, “फार रडले असते मी.”