लॉन क्रमांक तीन

आमच्या इस्टेट विभागात दोन कपाटं आहेत. एकात फाइली, दुसऱ्यात तुटलेले नळ, उडालेल्या ट्यूब आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या. किस्से ठेवायला तिसरं कपाट द्या असं मी कधीपासून म्हणतोय, पण मंजुरी कोण देणार! अख्ख्या विद्यापीठाची तक्रार शेवटी आमच्या दारात येते. तक्रारीबरोबर माणूस येतो आणि माणसामागून किस्सा. गेल्या वर्षभरातले तर एवढे साठलेत, की सांगताना चहा संपतो पण ते संपत नाहीत.

त्यातले थोडे सांगतो. फिरून फिरून सगळे एका खाचराशीच येतात, तेव्हा आधी ते खाचर बघून घ्या.

* * *

कर्जतहून खालापूरकडे येताना डोंगराच्या पायथ्याशी आमचं विद्यापीठ. मी रमेश, इथला सुपरवायझर. आवाराच्या अगदी खालच्या अंगाला एक जुनी पायऱ्यांची विहीर, आणि तिच्या जरा वर, चारी बाजूंनी बांध घातलेलं भाताचं एक खाचर.

हे खाचर पूर्वी बुधाजीदादाच्या घरचं. जमीन विद्यापीठात गेली आणि बुधाजीदादा त्याच जमिनीवर माळी म्हणून लागला. आता माळ्याने बाग करायची ना? पण हा गडी दर पावसाळ्यात त्या तुकड्यात भात लावणारच! माझ्या आधीच्या साहेबांनी यावर शक्कल काढली. रजिस्टरमध्ये त्यांनी खाचराची नोंद केली, 'लॉन क्रमांक तीन.'

एकदा तपासणीला एक अधिकारी आले, ऐन भाद्रपदात. भात कमरेएवढं झालेलं. रजिस्टर बघितलं, खाचर बघितलं आणि म्हणाले, "हे लॉन एवढं का वाढवलंय? कापत नाही का?"

बुधाजीदादा हात जोडून म्हणाला, "कापतो ना साहेब. दिवाळीला!"

* * *

गेल्या वर्षी मे महिन्यात विहीर आटली. काही नवीन नाही, दरवर्षीच आटायची. मग कुंभिवलीकडून शंकरचा टँकर यायचा. नव्या कुलगुरू मॅडमना मात्र ते फार लागलं. त्यांनी मीटिंग घेतली. विद्यापीठ हिरवं करायचं, पाणी वाचवायचं, वीज वाचवायची, कचरा इथेच जिरवायचा, अशी मोठी यादी होती. आणि त्याच यादीत शेवटी होतं, 'खालच्या मोकळ्या प्लॉटवर पार्किंग.'

मोकळा प्लॉट म्हणजे आमचं खाचर. बुधाजीदादा तेव्हा कुंड्या ठेवायला आत आला होता. कुंडी हातातच राहिली.

"मॅडम, तितं गाड्या लावल्या तं हिरीत पानी नाय उतरायचं."

"कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"खाचर वर हाय, हीर खाली हाय. पावसाचं पानी खाचरात थांबतं, मंग मुरतं. गाडीच्या टायरातनं मुरतंय का?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वर्षी मे संपेपर्यंत एकही टँकर आत आला नाही, तर तुमची जागा तुमची. एक जरी आला, तर पार्किंग."

बुधाजीदादाने कुंडी खाली ठेवली आणि "चालंल," म्हणाला. मग बाहेर येऊन मला विचारलं, "रमेश, मी काय बोललो रं?"

त्याच आठवड्यात पार्किंगच्या रेघा आखायला फक्कीच्या दोन गोणी आमच्या ऑफिसात येऊन पडल्या. वर्षभर आम्ही त्यांच्याकडे बघत जेवलो.

* * *

मॅडमनी त्या यादीसाठी एक समिती नेमली, पर्यावरणशास्त्राचे सबनीस सर तिचे प्रमुख. माणूस हुशार, मनाने साफ, पण शेताच्या बांधावर चालताना दोन्ही हात पसरून चालणार. त्यांनी पहिलाच नियम काढला, आवारात काहीही जाळायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी खाचराच्या कोपऱ्यातून धूर! झालं होतं एवढंच, की बुधाजीदादाने राब भाजायला घेतला होता. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. बाप भाजायचा, आजा भाजायचा, म्हणून हाही भाजत होता. पण आमचा नवा सिक्युरिटी गार्ड आला सोलापूरकडून. त्याने राब जन्मात बघितला नव्हता. त्याने शिट्टी फुंकली, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढलं आणि अख्खा राब पांढराफेक करून टाकला! बुधाजीदादाही वरपासून खालपर्यंत पांढरा.

मग सर आणि बुधाजीदादा यांच्यात तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की अर्ध्या वाफ्यात राखेचं रोप, अर्ध्यात कॅन्टीनच्या कचऱ्याच्या खताचं. बघू कोणाचं चांगलं येतं.

पाऊस लागला, रोपं आली. खताच्या बाजूची दाट आणि हिरवीगार. बुधाजीदादाने स्वतः सरांना बोलावून दाखवली. "सर, तुमी जितलात. पुढल्या साली राब बंद."

सर इतके खूश झाले की काही विचारू नका! तेवढ्यात बुधाजीदादा म्हणाला, "रोप तुमचं, मंग आवनीला पन तुमीच या."

सर आले. पँट दुमडून, चिखलात, ओणवे होऊन त्यांनी दुपारपर्यंत रोपं लावली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे त्यांच्या रजेच्या अर्जाची प्रत आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लॉन क्रमांक तीन.'

* * *

याच सरांनी दिवाळीनंतर ऑडिटोरियममध्ये पाणीबचतीवर व्याख्यान ठेवलं. एक गळका नळ दिवसाला किती पाणी घालवतो, हे पडद्यावर थेंब दाखवून समजावत होते. सगळे तल्लीन. बुधाजीदादा मागच्या दाराने आत आला आणि थेट स्टेजजवळ जाऊन उभा राहिला.

"बोला बुधाजी, काही शंका?" सर कौतुकाने म्हणाले.

"शंका नाय सर. तुमचं चालू ऱ्हावं द्या. पन तुमच्या डिपारमेंटची टाकी भरून मगाधरनं व्हातेय, ती बंद करू का?"

सरांनी व्याख्यान तिथेच थांबवलं आणि स्वतः गच्चीवर पळाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहातली पोरं आपणहून गळके नळ मोजून यादी देऊ लागली, आणि यादीत पहिलं नाव नेहमी सरांच्या डिपार्टमेंटचं.

* * *

कॅन्टीनच्या हौसामावशींनी कागदी ग्लास बंद करून स्टीलचे आणले. आणि पाणी अर्धाच ग्लास द्यायला लागल्या. आधी पोरं कुरकुरली, मग प्राध्यापक कुरकुरले. मावशींचं उत्तर एकच, "पिऊन दावा, मंग दुसरा देते."

एका समारंभाला मुंबईहून मोठे पाहुणे आले. मी मावशींना बजावलं होतं की आज तरी भरून द्या. कसलं काय! पाहुण्यांच्या समोर अर्धा ग्लास. त्यांनी ग्लासकडे बघितलं, मग मावशींकडे.

"आदी एवढं संपवा," मावशी म्हणाल्या. "उरवलंत तं मी कुनाचं ऐकत नाय!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी मुकाट्याने ग्लास रिकामा केला, उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "आई, आता दुसरा मिळेल का?"

* * *

पार्किंगची गरजच राहू नये म्हणून मी एक काम केलं. कर्जतच्या लोकांनी एका गाडीत यायचं, खालापूरच्यांनी एका टेंपोत. हे मात्र डोकं माझं, कृपया नोंद घ्यावी. महिन्याभरात आवारातल्या अर्ध्या गाड्या गायब झाल्या.

अडचण एकच झाली. सबनीस सर कर्जतचे, कट्टर शाकाहारी. हौसामावशीही त्याच गाडीत, आणि बुधवारी बाजार करून येणार. एका बुधवारी गाडी दारात थांबली. सर उतरले ते नाक धरून, आणि दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी! मावशींच्या दोन्ही हातांत भाजी होती ना.

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "हसू नका रमेश. पर्यावरणासाठी मी एवढं करतोय!"

* * *

मॅडमही मागे राहिल्या नाहीत हं. त्यांनी स्वतःच्या केबिनचा एसी बंद करून खिडक्या उघडल्या. मोठ्या माणसांनी आधी स्वतःचं बटण बंद केलं की बाकीच्यांची आपोआप होतात. आठवड्याभरात मजलेच्या मजले उघड्या खिडक्यांचे झाले.

एवढंच झालं, की खिडकीतून माकड आलं. टेबलावर केळी होती, ती सोडून त्याने एक कागदाची गुंडाळी उचलली आणि आंब्यावर जाऊन फाडत बसलं. तो पार्किंगचा नकाशा होता!

मॅडमनी खिडकीतून खाली बघितलं. खाली बुधाजीदादा झारी घेऊन उभा.

"देवाशप्पत मॅडम," तो वर बघून ओरडला, "मी नाय शिकवलं त्याला!"

मॅडमना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं. नकाशा मात्र त्यांनी नवीन मागवला.

* * *

आता एक किस्सा माझ्या विरुद्धचा.

गुढीपाडव्याला मी बाइक धुवायला काढली. विहिरीच्या पंपाला पाइप लावला, आणि सणाचा दिवस म्हणून जरा सढळ हातानेच धुतली. वळून बघतो तर बुधाजीदादा. तो रोज विहिरीत उतरून पाण्याखालच्या पायऱ्या मोजायचा. पायात चप्पल न घालता, देवळात जावं तसा. त्या दिवशी आठ उरल्या होत्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तू पन खाचरातच वाढलास ना रं रमेश?"

त्याने मॅडमना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. मी त्या दिवसानंतर बाइक ओल्या फडक्याने पुसतो. मला आजही त्या पाइपची लाज वाटते, म्हणून इथे सांगून टाकलं.

त्यातून शंकर टँकरवाला. रस्त्यात भेटला की टँकर हळू करून ओरडायचा, "सुपरवायझर, मे मधी भेटू!" एप्रिलमध्ये पायऱ्या सहा झाल्या, मग पाच. मॅडम काही विचारत नव्हत्या, पण रोज संध्याकाळी फिरायला त्या विहिरीच्याच वाटेने जाऊ लागल्या. फक्कीच्या गोणी तशाच ऑफिसात. बुधाजीदादाचं जेवण कमी झालं, हे मावशींनी सांगितलं. आणि वसतिगृहातली पोरं, जी आधी तासतास शॉवरखाली गायची, ती आता बादली घेऊन आंघोळीला जायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या पोरांचा अभिमान आहे, आणि हे मी मोठ्याने सांगतो.

* * *

मेची एकतीस तारीख. पायऱ्या तीन.

मॅडम, सबनीस सर, मावशी, मी, सगळे विहिरीपाशी जमलेलो. संध्याकाळ झाली की जिंकलो. बुधाजीदादा कडेला रोपाचा वाफा सारखा करत होता, वर बघतच नव्हता.

तेवढ्यात गेटकडून ओळखीचा हॉर्न वाजला. टँकर! शंकरचा टँकर सरळ आत आला आणि आमच्याकडेच वळला. सर माझ्याकडे बघायला लागले, मी मावशींकडे. बुधाजीदादाच्या हातातलं खुरपं थांबलं.

"टँकर कोणी बोलावला?" मॅडमचा आवाज चढला.

शंकर खाली उतरला. मान खाली. वर्षभर रस्त्यात ओरडणारा माणूस हाच का, असं वाटलं.

"कुनी नाय बोलावला मॅडम. रिकामा हाय." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "उद्या माज्या पोरीची हळद हाय. गावची हीर तळाला गेली. मी जितनं भरतो, तितं बी पानी नाय. तुमच्याकडं हाय म्हनून समजलं. द्याल का?"

मॅडमनी बुधाजीदादाकडे बघितलं. "देऊ या का?"

बुधाजीदादाने खुरपं ठेवलं, चप्पल काढली आणि विहिरीत उतरला. खाली जाऊन त्याने पायऱ्या पुन्हा मोजल्या. मग वर आला, ओले पाय धोतराला पुसले.

"दोन फेऱ्या ने रं शंकर. तिसरी नको, पोरांच्या आंघोळी हायत." मग जरा थांबून म्हणाला, "आनि हळदीला आमाला बोलाव."

शंकरने डोळे पुसले आणि टँकरवर चढला. टँकर विहिरीकडे लावायला त्याने रिव्हर्स घेतला. सबनीस सर मागे उभे राहून हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे!" मी पाइप घेऊन धावलो.

आणि अचानक मागून मॅडम किंचाळल्या, इतक्या जोरात की टँकर जागच्या जागी थांबला.

"अहो, बांधावर चाक घालू नका! खाचर आहे ते, खाचर!"