तेलाच्या विहिरीवरचा झिरा

आत्याबाई पालात मरून पडल्या होत्या आणि मुकादम बाहेरून सांगत होता, "वैनी, रडायचं आसंल तर तोंडात पदर घालून रडा. सायेब येनार हाईत."

माझ्या मांडीवर मंदी होती, माझी तीन वर्षांची पोर. ओठ सोलून निघालेले, जीभ पांढरी पडलेली, तोंडातून लाळ गळायची तीही रक्ताची तार घेऊन. पाण्याचा थेंब आत जात नव्हता. रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती तिच्यात. आत्याबाई म्हणजे माझी सासू. त्यांचं तोंड इतकं सुजलं होतं की मेल्यावर डोळे मिटवायची गरजच पडली नाही.

मालक, म्हणजे मंदीचे वडील, मुकादमाला म्हणाले, "ट्रक दे बाजीराव. पोरीला दवाखान्यात न्यायची हाय."

"ट्रकमधी पावडरीच्या गोन्या हाईत. सायेब गेल्याव बघू. आन् म्हातारीला पालाच्या मागल्या अंगाला घ्या. पुढनं दिसतंय."

पुढनं दिसतंय. इतकी वर्षं झाली, पण हे शब्द आठवले की तोंडात कडू पाणी येतं.

हे सगळं गुजरातेतलं. तुम्हा भाऊबंदांतले बरेच जण बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या आसपासच राहिलात, खडी फोडलीत, सुकडी खाल्लीत आणि जगलात. लग्नाकार्यात भेटलात की अजून विचारता, तुम्ही का गेलात आणि गेलात तर म्हातारीला तिथं का सोडून आलात. मी चौथी शिकलेली बाई आहे. एकदाच नीट लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

मालक विहिरी खणायचे. त्या वर्षी जिथं खणावं तिथं कोरडा मुरूम निघत होता, आणि कोरडा खड्डा खणून घ्यायला कोण बोलावतो? तेवढ्यात मिरजगावकडचा हा बाजीराव मुकादम गावात आला. गुजरातेत तेलाच्या विहिरी पाडतात, खणणारे गडी पाहिजेत, म्हणाला. आत्याबाई त्याच्या तोंडावर हसल्या होत्या. "त्येलाची हीर? मंग पव्हऱ्यानं शेंदायचं व्हय रं त्येल? आन् पवायला उतरलं तर न्हायाचं काम बी हुईल."

हसल्या, पण गाठोडं त्यांनीच आधी बांधलं. माझे वडील तिसगावच्या स्टँडवर पोचवायला आले होते. रडले वगैरे नाहीत. "जाशील तिथं आदी पानी बघ, मंग चूल मांड," एवढं म्हणाले आणि एस. टी. सुटायच्या आतच वळून चालू लागले. गुरांना चारा आणायला जायचं होतं त्यांना. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. त्या वर्षी कोणाला स्टँडवर उभं राहायला वेळ होता?

तिथं पोचल्यावर कळलं की तेलाच्या विहिरीत कोणी उतरत नाही. आभाळाला भिडलेला लोखंडी सांगाडा, त्यात फिरणारे नळ, आणि रात्रंदिवस घरघर करणारं इंजिन. आपल्या गड्यांचं काम म्हणजे गोण्यातली पावडर पाण्यात कालवून चिखल करायचा. तो चिखल नळातून जमिनीच्या पोटात जायचा, खालचा भरडलेला दगड घेऊन वर यायचा आणि एका मोठ्या खड्ड्यात सोडला जायचा. तो खड्डाही आपल्याच माणसांनी खणलेला. चांगली विहीर होईल एवढा. त्यात राखाडी चिखल साचायचा, वर पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग. ऊन पडलं की त्यात मोरपिसाचे रंग दिसायचे. एकदा एक बगळा त्यात उतरला, तो उठलाच नाही.

पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा. आधी मशीनला, मग साहेब लोकांच्या भटारखान्याला आणि उरलं तर पालांना. बाकीच्या पालांत नुसते गडी होते, ते कामावर मशीनजवळच पाणी पिऊन घ्यायचे. बायका-लेकरांचं पाल आमचं एकट्याचं. आमच्या वाट्याला टँकरच्या तळाचा गंज यायचा.

आता जे झालं ते आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. नदी आटली की आपण काय करतो? डबक्यातलं घाण पाणी पीत नाही. डबक्यापासून जरा लांब, वाळूत हातानं उकरून झिरा करतो. वाळूतून गाळून नितळ पाणी येतं, ते वाटीवाटीनं भरून घ्यायचं. आत्याबाईंच्या हाताला झिरा लागतो असं गावात म्हणायचे. खड्ड्याच्या खालच्या अंगाला रेताड जमीन होती. त्यांनी तिथं झिरा खणला आणि त्याला पाणी आलं. काचेसारखं.

"बघ इंदे," मला म्हणाल्या, "हे येवढे टोपीवाले, आन् टँकरची वाट बघत्यात. पानी हितंच हुतं."

चव मचूळ होती. पण दुष्काळात गावाकडच्या विहिरीच्या तळाचं पाणीही मचूळच लागत होतं, आमची जीभ मुरलेली. घासलेटाचा वास होता, पण ज्या डब्यांत पाणी भरायचं ते डबेच घासलेटाचे, त्यामुळे वास डब्याचा धरला. माती गाळते एवढं आम्हाला माहीत होतं. माती जे गाळू शकत नाही असं काही माणूस पाण्यात ओतत असेल, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि झिऱ्याचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं पाणी लेकराला, मग म्हाताऱ्याला, कमावत्या माणसांनी शेवटी. झिरा तो, पाझरणार किती? मंदीचं आणि आत्याबाईंचं भागायचं, आमची पाळी यायची नाही. मी आणि मालक टँकरचा गंज पीत होतो.

मंदीचं तोंड आलं. आत्याबाईंना वाटलं उष्णता झाली. त्या तिला झिऱ्याच्या पाण्यानं चुळा भरायला लावायच्या. मग जुलाब, मग अंगावर चट्टे. आत्याबाईंच्या पायांना सूज आली, ती वर चढत तोंडावर आली, लघवी बंद झाली. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, "हवापानी मानवंना तुमाला." त्यानंतर आत्याबाई गेल्या. त्याच दिवशी साहेब आला.

साहेब कसला तर तपासणीचा. तेल काढताना जमीन, पाणी बिघडू नये म्हणून नियम असतात आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला माणसं येतात, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब पुण्याकडचा होता, शुद्ध बोलणारा. मला बरं वाटलं. आपल्या भाषेचा माणूस आला, आता हा खड्डा बघेल, असं वाटलं.

त्याने खड्डा बघितला. रुमाल नाकाला लावून कडेकडेनं फिरला. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, "इथून वस्ती किती लांब?"

"गाव लांब आहे साहेब. ती झाडं दिसतात त्याच्याही पलीकडे."

"आणि हे काय?" त्याने आमच्या पालांकडे बोट केलं.

"मजुरांची पालं. काम संपलं की उठतात."

"म्हणजे वस्ती नाही."

"नाही साहेब."

"मग अंतर बरोबर आहे."

झालं. मी मंदीला घेऊन पुढे झाले. मुकादमानं आडवा हात घातला तो मी ढकलला.

"सायेब, वस्ती न्हाई तर मंग आमी कोन? पालात काय शेरडं बांदल्यात?"

त्याने मंदीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. "काय झालंय हिला? या खड्ड्यातलं पाणी पाजलंत?"

"खड्ड्यातलं न्हाई. झिऱ्याचं."

"कुठे आहे झिरा?"

मी दाखवला. तो वाकला. पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला. मग रुमालानं बोट पुसलं, पुन्हा वास घेतला, पुन्हा पुसलं. त्याला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. मला वाटलं, आता हा मोठा खड्डा बंद करायला सांगणार.

तो ठेकेदाराच्या माणसाकडे वळून म्हणाला, "हा खड्डा कोणाच्या परवानगीनं खणला? ताबडतोब बुजवा."

त्या विषाच्या विहिरीला परवानगी होती. माझ्या सासूच्या हातभर झिऱ्याला नव्हती.

"आन् ह्यो मोठा?" मालक म्हणाले. साहेबापुढे त्यांच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द.

"त्याला तार लावायला सांगतो," साहेब म्हणाला. "जनावरं उतरली तर गावकरी तक्रारी करतात."

मुकादमानं फावडं मालकांच्याच हातात दिलं. "बुजव की. का सायबाला बुजवायला लावतूस?" पालामागं आई पडलेली होती आणि मालकांनी तिचा झिरा बुजवला. साहेब चहा पीत उभा होता. चहा टँकरच्या पाण्याचा.

तो जीपमध्ये बसायला निघाला तेव्हा मी मंदीला घेऊन जीपच्या पुढे धुळीत जाऊन बसले.

"बाई, ही सरकारी गाडी आहे. उठा."

"दवाखान्यात न्या, मंग उठते. न्हाईतर घाला अंगावर. आमची वस्तीच न्हाई, कोन इच्यारनार तुमाला?"

मुकादम ओरडायला लागला. साहेबानं घड्याळ पाहिलं. शेवटी ड्रायव्हर बोलला, तोही आपल्या भागातला असावा. "घेऊ द्या सायेब. पोर जाईल हातची."

नेलं. साहेब पुढे बसला, मी मागे. रस्ताभर त्याने रुमाल नाकावरून काढला नाही. मंदीला घाण येत होती हे खरं आहे, सडलेल्या तोंडाला येतेच. पण ती घाण कुठून आली हे त्या जीपमध्ये त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्याच्या दारात उतरवून म्हणाला, "यापुढे काळजी घेत चला." मी त्याच्या देखत थुंकले. शिकलेल्या माणसापुढे थुंकण्याची माझी ती पहिली वेळ.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पावडर कसली होती? मला माहीत नव्हतं. त्याने साइटवर निरोप पाठवून विचारलं. कुणी सांगितलं नाही. मंदीच्या नाकातून नळी घालून दूध सोडत राहिले. इकडे मालकांनी मशीनच्या खोक्यांच्या फळ्या गोळा करून आईला अग्नी दिला. अंत्यविधीला आपलं कुणी नव्हतं असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे, नव्हतं.

परतल्यावर आम्ही तिसगावला आलो नाही. मला पाणी हवं होतं, उघड्यावर वाहणारं, कुठून येतं ते दिसणारं. म्हणून श्रीरामपूर. कालवा होता, ऊस होता, मार्केट यार्डात मालकांना हमाली मिळाली. आधी भाड्याची खोली, मग पत्र्याची, मग सिमेंटची. मंदी बरी झाली, पण गळा आतून आवळला गेला तो गेलाच. लग्नात पंगतीला बसली की अजून पाहुण्यांच्या बायका कुजबुजतात, ही भाकरी दुधात भिजवल्याशिवाय का खात नाही. त्यांनाही हे वाचायला द्या.

आता माझी नात म्हणते, "आजी, आता कायदे कडक झालेत. तपासणी असते, दंड असतो." असतील. मी तिला एवढंच विचारलं, "अंतर कुठनं मोजत्यात?" शोधून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

आणि घराचं म्हणाल तर मला तिसगावच्या घराचे उमाळे येत नाहीत. श्रीरामपूरचं घर चांगलं आहे, छत गळत नाही. पण ते पाल हेही घर होतं. आत्याबाई सकाळी ते झाडायच्या, दारात सडा टाकायला पाणी नाही म्हणून रोज चिडायच्या, मालकांना जेवायला हाका मारायच्या. माणसं राहतात ते घर. ज्याला ते लांबून दिसत नाही त्यानं जवळ यावं. मला याहून जास्त शिकवायला येऊ नका.

आम्ही चौघं गेलो. आत्याबाई तिथंच संपल्या. मालक पुष्कळ वर्षांनी श्रीरामपुरात, आपल्या अंथरुणात गेले. मंदी आहे आणि मी आहे.