पायरीखालची बाई

तिचं नाव मला कधी कळलं नाही. अमरावतीजवळच्या त्या गावात मी कापूस खरेदीला जाई. तिथे वेचणाऱ्या बायांना मजुरी म्हणून कापसाचाच वाटा मिळे. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, इथला भाव भडकला, आणि चावडीवर पुरुषांनी ठरवलं, यंदापासून बायांना कापूस नाही, ज्वारी.

बायांना चावडी चढायची मुभा नव्हती. वेचणाऱ्यांतली ती पायरीखालून बोलली, "येचतो आमी, मंग ठरवता तुमी कावून?"

पाटलांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "इच्या घरचा मानूस कुठी हाये?"

"मेला."

"मंग इच्याकडून बोलनार कोन?"

ती उभ्या उभ्या लुगड्याला चिकटलेला कापूस सवयीने वेचत राहिली. मग तेवढी मूठ पायरीवर ठेवून म्हणाली, "हा बी तुमचाच."

मला वाटलं, पाटील शरमतील. त्यांनी तो कापूस उचलून शेजारच्या आपल्या गाठोड्यात टाकला.